शब्द लेखकाचा

गांगुर्डेकाकांनी उभं आयुष्य पुस्तकं वाचण्यात घालवलं, पण त्यातल्या एकाही पुस्तकात काय लिहिलंय हे त्यांना विचारून उपयोग नव्हता. ते त्यांना माहीत नसायचं. आणि माहीत नसण्याचा त्यांना चक्क अभिमान होता.

नाशकात अशोकस्तंभाजवळच्या इमारतीत आम्ही बिऱ्हाड थाटलं, त्या पहिल्याच आठवड्यात मला याचा प्रसाद मिळाला. त्र्याहत्तर साल असेल. मी नवी नवरी, शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागलेली. शाळेला सुट्टी होती, कणीक मळत होते, आणि पोस्टमननं दारात कार्ड टाकलं. समोरच्या दारात काका चपला शोधत उभे होते. मी म्हटलं, "काका, माझे हात बरबटलेत. सासूबाईंचं दिसतंय, जरा वाचता का?"

त्यांनी कार्ड उचललं. कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. ओळीवरून अंगठा सरकवत सावकाश वाचलं, उलटं करून पत्ताही वाचला, आणि कार्ड माझ्या पाटाशेजारी ठेवून म्हणाले, "चुका आहेत थोड्या. 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ हवा. पण वाक्यरचना उत्तम. बाई शिकलेल्या दिसतात."

"आणि लिहिलंय काय?"

"ते मी पाहिलं नाही," काका म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी हात धुऊन कार्ड वाचेपर्यंत खाली टांगा थांबला होता आणि त्यातून सासूबाई, एक वळकटी आणि लोणच्याची बरणी असं सगळं उतरत होतं.

काका रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. तेव्हा सगळी छपाई खिळ्यांची. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ जुळवायची, तिचा कच्चा कागद काढायचा, आणि तो तपासायला काकांच्या टेबलावर यायचा. त्या टेबलावरून जे जायचं ते निर्दोष जायचं, असा त्यांचा लौकिक होता. कादंबऱ्या, पंचांगं, सहकारी बँकांचे अहवाल, गाइडं, मूळव्याधीच्या औषधाच्या जाहिराती, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं. पण कादंबरीतली नायिका जगली का मेली, बँकेला नफा झाला का तोटा, याचा त्यांना गंध नसायचा. एक पुठ्ठ्याची पट्टी घेऊन ते बाकीच्या ओळी झाकायचे आणि एका वेळी एकच ओळ उघडी ठेवायचे. गोष्ट फारच रंगतदार असली तर पान खालून वर वाचत जायचे.

"अर्थात शिरलं की माणूस वाहवत जातो," ते म्हणायचे. "चूक समोर बसलेली असते, पण तुमचं लक्ष त्या पोरीच्या लग्नाकडं. मग कसली प्रुफं वाचता?"

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. लेखकानं लिहून दिलेल्या मजकुराला छापखान्यात प्रत म्हणतात. त्या प्रतीतल्या ऱ्हस्वदीर्घाला, क्रियापदाला, विरामचिन्हाला काका वाटेल तसं फैलावर घेत, पण शब्दाला हात लावत नसत. एका कवीनं चंद्राला 'आंबट' म्हटलं होतं. खिळे जुळवणारा बिचारा विचारायला आला, की हे 'अंधूक' असेल का? काकांनी मान वर न करता सांगितलं, "शब्द लेखकाचा. त्याला आंबट लागला असेल. तू जुळव."

हे वाक्य त्यांच्या तोंडी सदानकदा असायचं. 'शब्द लेखकाचा.' एकदा ते चांगलंच अंगाशी आलं. निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. मजकूर त्यांनी स्वतः लिहून दिला, आणि लग्नाच्या धांदलीत धाकट्या मुलीच्या जागी थोरलीचं नाव लिहिलं. थोरलीचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं. पत्रिका सिन्नरपर्यंत वाटून झाल्या, आणि थोरलीच्या सासरची मंडळी जीप करून जाब विचारायला बागाईतदारांच्या दारात. तिथून सगळा लवाजमा छापखान्यात. मालकांच्या तोंडाला फेस आला. काकांनी शांतपणे फायलीतून प्रत काढून पुढे ठेवली.

"अहो, पण त्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका मागच्या वर्षी तुम्हीच तपासली होती!" मालक ओरडले.

"तपासली असेल," काका म्हणाले. "वाचली नव्हती."

घरात त्यांची गाठ ताराकाकूंशी होती. काकू घोटीजवळच्या, भाताच्या शिवारात वाढलेल्या. बोलणं अघळपघळ, आवाज खणखणीत. त्या 'हाय' म्हणत आणि काका 'आहे' म्हणत. त्या 'लय' म्हणत आणि काका 'फार' म्हणत. काकू त्यांच्या दुरुस्त्यांकडे ढुंकून पाहत नसत, पण एक गोष्ट त्यांना झोंबायची. "मास्तरीण," त्या मला म्हणायच्या, "ह्यांनला मी काय बोलते ते कधी कळतच नाय. कसं बोलते त्येवढंच कळतंय."

यात खोटं काही नव्हतं. एकदा सकाळी काका कामाला निघालेले, आणि काकू आतून ओरडल्या, "अवं, चपलीत इच्चू हाय!"

"विंचू," काका म्हणाले. "आणि 'आहे'." आणि त्यांनी चपलेत पाय घातला.

पुढचे दोन दिवस पाय सुजवून ते खाटेवर पडून होते. मी बघायला गेले तर काकू पायाला कसलासा पाला बांधत होत्या आणि एकीकडे त्यांची खरडपट्टी काढत होत्या. काका मला म्हणाले, "बाई, तुम्ही विज्ञानाच्या. हा प्रकार समजून घ्या. तिचं वाक्य मला पूर्ण ऐकू आलं. कर्ता, क्रियापद, सगळं तपासलं. फक्त विंचू ऐकू आला नाही."

मला तेव्हा हसू आवरेना. पण काकांचं याबाबतीत एक शास्त्रच होतं. माणसाच्या डोक्यात दोन गाळे असतात, असं ते सांगायचे. एका गाळ्यात शब्दांचे अर्थ, दुसऱ्यात व्याकरण. कामावर बसलं की पहिल्या गाळ्याचं शटर खाली ओढायचं. मी म्हटलं, असं कुठं असतं? त्यावर त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"'एक चिमणट भोंगरा ढिपकीत चुरमटला.' बरोबर का चूक?"

"म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"अर्थ नाही विचारला. बरोबर का चूक?"

"बरोबर वाटतंय," मी म्हटलं.

"आणि 'एक चिमणट भोंगरा ढिपकीत चुरमटली'?"

"छे! चूक."

"बघा!" काकांनी टाळी वाजवली. "भोंगरा तुम्ही जन्मात पाहिला नाही. ढिपकी म्हणजे डबा का डबकं, ठाऊक नाही. तरी चूक कळली. कुणाला कळली? दुसऱ्या गाळ्याला."

मी त्या रात्री भोंगऱ्याचा विचार करत जागी राहिले, हे मला कबूल करायला हवं. शाळेत माझ्याकडे मेंदूचा मोठा तक्ता होता. मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा, सगळं रंगवलेलं. मुलींना मी छडीनं दाखवायचे. पण आपण बोलतो ते यातलं कुठून, असं एखादीनं विचारलं असतं तर माझी छडी तक्त्यावर नुसती फिरत राहिली असती. पुढे मी भोंगऱ्याचं ते 'चुरमटली'वालं वाक्य वर्गात घातलं. सगळ्या वर्गानं एका सुरात 'चूक!' म्हणून सांगितलं, आणि भोंगरा म्हणजे काय हे एकीनंही विचारलं नाही.

अशी मजेमजेत वर्षं गेली. मग ब्याऐंशीच्या हिवाळ्यात एका सकाळी काकू वाटी घेऊन माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीण, जरा वाटीभर उंबरा दे गं. आमचा सारा सांडला."

मला वाटलं, थट्टा करतायत. "काय देऊ?"

"उंबरा गं! पांढरा. चहात घालत्यात त्यो." आणि आपणच आपल्या तोंडावर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या. चेहरा एकदम बावरला. "आसं काय झालं गं? मी म्हनत व्हते... त्यो आपला... देव्हारा. नाय नाय. त्यो गाढवाचा..."

समोरच्या दारात काका उभे होते. "वाक्य बरोबर आहे," ते पुटपुटले. सवयीनंच. आणि मग अनवाणीच धावत येऊन त्यांनी काकूंच्या हातातली वाटी काढून घेतली.

आम्ही काकूंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हातपाय धड होते, चालत होत्या, बोलणं तर थांबतच नव्हतं. डॉक्टर तरुण, मुंबईहून नुकताच आलेला, भला मुलगा. त्यानं घड्याळ दाखवलं, काकू म्हणाल्या, "ही तर तुमची कोंबडी हाय." पेन दाखवलं, म्हणाल्या, "ह्यानं तुम्ही भात लिवता." मग त्यानं काकांकडे बोट केलं. "यांचं नाव सांगा."

काकूंनी काकांकडे पाहिलं, पदर नीट केला आणि मान खाली घातली.

"सांगा ना. नाव काय यांचं?"

काकू गप्प. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि काकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "तुम्हालाही ओळखत नाहीयेत असं दिसतंय." काका बाकावर बसले. त्यांचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो डॉक्टर, घोटीकडच्या बाईला तुम्ही चारचौघांत नवऱ्याचं नाव विचारताय? त्या ठणठणीत असत्या तरी घेतलं नसतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. असं विचारा, हे तुमचे कोण?"

डॉक्टर बिचारा लाजला. त्यानं तसं विचारलं. काकू फणकारल्या, "कोन म्हंजी? आमचंच की हे! आन् सकाळधरनं ह्यांच्या पोटात कोनी काय घातलंय का? नुसतं हुबं करून ठेवलंय मानसाला!"

काका बाकावरून उठले आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मेंदूकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टरनं आम्हांला जमेल तसं समजावलं. शब्द आणि त्यांचा अर्थ जिथं जुळतो, साधारण त्या भागाला इजा झालीय, म्हणाला. वाक्य बांधायचं काम बरंचसं दुसरीकडे चालतं, ते शाबूत आहे. काकांनी मान वर केली. "म्हणजे दोन गाळे." डॉक्टर हसला. "इतकं सोपं नाही हो, आजोबा. मधल्या भिंतीला पुष्कळ दारं आहेत, आणि आम्हांलाही अजून सगळं कळलेलं नाही." काकांनी मान पुन्हा खाली घातली. आपलं शास्त्र खरं निघण्याची त्यांना आता हौस राहिली नव्हती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात इगतपुरीकडचे एक म्हातारबाबा बसायचे. त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि त्यांचं काकूंच्या बरोबर उलटं झालं होतं. शब्द होते, पण ते ओवायला दोरा नव्हता. "भात... पाऊस... पोरगा... बैल," असं एकेक मोठ्या कष्टानं बाहेर पडायचं आणि तिथंच राहायचं. एकदा दुपारी मी डबा घेऊन गेले तर काकू आणि बाबा शेजारी बसलेले.

"ते घेऊन यावं की कोनीतरी," काकू म्हणत होत्या. "ते आसं ह्याच्यात वतून दिलं म्हंजी आंगात जरा बरं वाटंल."

बाबांनी डोळे मिटून जोर लावला. "चहा," ते म्हणाले.

"हां! त्येच मी कवाधरनं म्हनत व्हते!" काकूंनी मांडीवर थाप मारली. दोघं मिळून एक धड माणूस बोलत होतं. मला हसू आलं. काका माझ्यामागे उभे होते. ते दोघांकडे टक लावून बघत होते.

घरी सोडताना डॉक्टरनं काकांना एकच गोष्ट बजावून सांगितली. "त्यांना बोलत्या ठेवा. काही शब्द हळूहळू परत येतील, काही येणार नाहीत. पण त्या गप्प बसल्या तर जे उरलंय तेही आटत जाईल."

आणि नेमकं तेच होऊ लागलं. काकू जिन्यात म्हणायच्या, "माझा बैल वाळला का बघ," आणि पोरं फिदीफिदी हसायची. दूधवाला तर रोज मुद्दाम विचारायचा, "आज किती, काकू?" आणि त्यांनी "अर्धा शेर नवरदेव" म्हटलं की खाली जाऊन सगळ्यांना सांगायचा. घोटीहून त्यांचे भाऊ आले. ते म्हणाले, हे बाहेरचं आहे, त्र्यंबकला नेऊन शांत करून आणू. काकूंच्या देखतच म्हणाले. काकूंना शब्द सापडत नव्हते, पण त्यांच्याविषयी बोललेलं कळत होतं. दिवसेंदिवस त्यांचं बोलणं कमी होत चाललं.

त्यात काकांनी आपल्या परीनं उपाय सुरू केला. त्यांना दुसरं येत काय होतं? सकाळी ते काकूंसमोर वस्तू मांडून बसायचे. "हे काय? तांब्या. म्हण, तांब्या. हे काय? चमचा. नाही, मासा नाही. चमचा." प्रूफ तपासावं तसं त्यांनी बायकोला तपासायला घेतलं. माझ्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, "होडी कुढं गेली माझी?" खोलीत भाऊ होते, वहिनी होती, खालच्या मजल्यावरच्या दोघी होत्या. सगळे हसले. काका म्हणाले, "होडी नाही, चष्मा. म्हण, चष्मा."

काकूंनी तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चहा दिला की पीत, ताट दिलं की जेवत. ज्या घरातून दिवसभर 'अवं' आणि 'मंग' ऐकू यायचं तिथं भांड्यांचा तेवढा आवाज. काका कामावर जात नव्हते. मी एकदा डोकावले तर ते काकूंसमोर नुसते बसले होते, तांब्या मधे तसाच.

पुढच्या रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आणि समोरून काकांचा आवाज आला. मोठ्यानं, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा.

"अगं, तुझी होडी सापडली बघ!"

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. मला वाटलं, यांनाही झटका आला.

"इथंच होती, उशीखाली. घाल डोळ्यांना."

मग आतून, बारीक आवाजात, "कुढं व्हती म्हनता?"

"उशीखाली."

"मी म्हनत नव्हते? हितंच कुढंतरी आसंल म्हून!"

दुपारी मी त्यांना जिन्यात गाठलं. काका म्हणाले, "बाई, इतके दिवस मी प्रतीत दुरुस्त्या करत होतो. असं कुणी करतं का? तिचं वाक्य चोख आहे. शब्द लेखकाचा. आपण कोण हात लावणारे?"

मला वाटलं, झालं, आता चष्म्याला होडी म्हणायचं, संपलं. पण ते इतकं सरळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी चष्मा होडी राहिला नाही. तो शेजारीण झाला. चहा सकाळी इगतपुरी असायचा आणि संध्याकाळी रुमाल. पाठ करून ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं.

"मग तुम्हांला कळतं कसं?" मी विचारलं. मला खरोखरच कुतूहल होतं.

"बघावं लागतं," काका म्हणाले. "ती कुठं बघतेय, हात कुठं जातोय, बाहेर ऊन आलंय का. निम्मं वाक्यावरून कळतं, उरलेलं तिच्या तोंडाकडं बघून." मग म्हणाले, "इतकी वर्षं ती बोलायची तेव्हा मी कुठं बघायचो, काही आठवत नाही हो."

मग नाशिकनं एक वेगळाच तमाशा पाहिला. बुधवारी गोदावरीकाठच्या, म्हणजे नाशिककरांच्या गंगेवरच्या, बाजारात काकू भाजीवालीला ठसक्यात सांगायच्या, "पावशेर पाहुणे दे, हिरवे बघून दे, मागच्या खेपंला लय म्हातारे दिले व्हते." मागे काका. काकूंच्या खांद्यावरून त्यांचं बोट मिरच्यांकडे. भाजीवाली मुकाट मिरच्या तोलायची, आणि काकू भाव करायच्या. दूधवाल्याला काकांनी एकदाच सांगितलं, "त्या म्हणतील ते घालायचं. हसायचं नाही. आणि अर्धा शेर म्हणजे अर्धा शेर." काकूंचे भाऊ त्र्यंबकचं नाव काढायचे थांबले, कारण काकूंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. काय म्हणाल्या ते शब्दांवरून कळलं नाही, पण भावाला बरोबर पोचलं.

या सगळ्यात छापखान्याचं मात्र वाटोळं व्हायला लागलं. काका पुन्हा कामावर जाऊ लागले होते, पण त्यांच्या टेबलावरून चुका सुटू लागल्या. आधी एखादी वेलांटी, मग अख्खी ओळ. मालकांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना? मी काकांना विचारायला गेले. ते खिडकीशी प्रुफांचा गठ्ठा घेऊन बसले होते. पट्टी बाजूला पडलेली. डोळे ओले.

"काय झालं काका?"

"या कादंबरीतली ती बाई," ते म्हणाले, "शेवटी परत येते हो. मला वाटलं नव्हतं येईल." मग गठ्ठा माझ्याकडे सरकवून ओशाळून म्हणाले, "शटर आता खाली येत नाही. दोनदा ओढून पाहिलं."

त्यानंतर लवकरच त्यांनी काम सोडलं. मालकांनी थांबा म्हटलं, तरी राहिले नाहीत. 'मी आता वाचतो, माझा भरवसा नाही,' हे त्यांनी दिलेलं कारण.

पुढच्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. सासूबाई आलेल्या, खोलीभर बायका. काका काकूंना हाताला धरून दारापर्यंत सोडून गेले. गेले म्हणजे बाहेर गॅलरीत, चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहिले. तिळगूळ वाटून झाला आणि कुणीतरी उखाण्यांची टूम काढली. एकेकीनं नाव घेतलं, हशा झाला. आणि खालच्या मजल्यावर नवीनच आलेली एक सून, तिला काही ठाऊक नव्हतं, ती काकूंकडे वळून म्हणाली, "आता काकू, तुम्ही घ्या ना."

मी मधे पडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "घेते की." पदर डोक्यावर ओढला, ताठ बसल्या, आणि त्यांचा तो जुना खणखणीत आवाज लागला:

"घोटीच्या शिवारात भाताची लोंबी पिवळी..."

एक शब्द चुकला नाही. कुठून आलं हे सगळं सबंध? जुनं पाठ असेल. आता फक्त काकांचं नाव राहिलं होतं. केशवराव. काकूंनी तोंड उघडलं.

"किटलीरावांचं नाव घेते..."

नव्या सुनेला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला, पण शेजारच्या दोघींना ते लागलंच. काकूंनी हसणाऱ्या तोंडांकडे पाहिलं. त्यांना कळलं, काहीतरी चुकलं. चेहऱ्यावर तेच आलं जे होडीच्या संध्याकाळी आलं होतं, आणि ओठ मिटायला लागले.

"ओ!"

दाराबाहेरून आवाज आला. चपलांमधून धडपडत, चष्मा सावरत काका उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "ओ. आलो."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ पुन्हा उघडले.

"...हळदीकुंकवाच्या वेळी!" त्यांनी उखाणा पुरा केला. सासूबाईंनी पहिली टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

काकू मात्र लाजून लालबुंद झाल्या होत्या. "काय वं हे," त्या काकांवर खेकसल्या, "बायकांच्यात कशाला घुसले?"

"नाव घेतलंस ना माझं," काका म्हणाले. "म्हणून आलो."